बायकांचं दुखणं म्हणजे टेन्शन आणि पुरुषांचं टेन्शन म्हणजे दारू?

डिप्रेशनवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, भरपूर आले. गंमत अशी की बायकांच्या पत्रात डिप्रेशन कुठेच नाही, सगळं कंबर, डोकं, धडधड आणि पाळी. आणि पुरुषांबद्दलचे प्रश्न पाठवलेत त्यांच्या बायकांनी नाहीतर लेकींनी, स्वतः पुरुषाने लिहिलेलं पत्र शोधावं लागलं. नावंगावं काढलीयत, सारखी पत्रं एकत्र केलीयत. मी फिजिशियन आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही, पण या आजाराचे पेशंट आधी आमच्याच ओपीडीत येऊन बसतात त्यामुळे लिहितेय.

प्रश्न : वय ४४. वर्षभर अंग दुखतंय, सकाळी उठतानाच दमलेली असते, अंगावरून पांढरं जातं, मधेच छातीत धडधडतं. सोनोग्राफी केली, ईसीजी केला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. सासूबाईंना वाटतं कामाचा कंटाळा, मिस्टर म्हणतात मनावर घेऊ नकोस. मला टेन्शन असं काही नाहीये हो. हे नक्की काय आहे आणि बायकांच्याच वाट्याला का येतं?

ताई, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखणं खोटं ठरत नाही. सोनोग्राफी आणि ईसीजी या दोन्हीत थकवा दिसतच नाही मुळी. त्यामुळे टेन्शनचा शिक्का मारायच्या आधी राहिलेल्या तपासण्या करून घ्या, हिमोग्लोबिन, जमलं तर फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा, थायरॉइडची टीएसएच, बी-१२ आणि शुगर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. म्हणजे अर्ध्याहून जास्त बायका रक्त कमी असतानाच घर, शेत, नोकरी ओढतायत आणि वर आळशी म्हणून घेतायत. थायरॉइड कमी पडणं हेही बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी पट जास्त, आणि त्याची लक्षणं डिप्रेशनसारखीच, सुस्ती, वजन वाढणं, कशात मन नाही. शाकाहारी असाल तर बी-१२ बघाच, ते कमी असलं की हातापायाला मुंग्या येतात, विसरायला होतं आणि उदासही वाटतं.

आता समजा हे सगळं ठीक निघालं, किंवा औषध घेऊनही तसंच राहिलं. तर मग डिप्रेशनचा विचार करायचा, आणि त्यासाठी रडू यायलाच पाहिजे असं नाही. आपल्याकडे खूप बायकांचं डिप्रेशन अंगातूनच बोलतं. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अडीच हजाराच्या आसपास बायकांचा अभ्यास केला होता, पांढरं जाण्याच्या तक्रारीवर, तर तिचा संबंध इन्फेक्शनपेक्षा मनाच्या त्रासाशी जास्त घट्ट निघाला. तोपर्यंत अशा बायकांना अँटिबायोटिकचे कोर्स वर कोर्स देणं चालूच होतं, अजूनही चालतं. वास येत असेल, खाज असेल, रक्त दिसत असेल तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यायचंच.

बायकांनाच का, तर बायकांनाच असं नाही, पण बायकांत निदान साधारण दुप्पट होतं, आणि हे जगभर दिसतं. लहानपणी मुलामुलींत फारसा फरक नसतो. बाराव्या-तेराव्या वर्षापासून तो उघडतो आणि १३ ते १५ या वयात सगळ्यात मोठा असतो. पाळी सुरू होताना, बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत हार्मोन वरखाली होतात, काही बायकांचा मेंदू त्या वरखाली होण्याला जास्त संवेदनशील असतो. तुमचं वय बघता हे असू शकतं, आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, त्याआधी झोप तुटणं, अंगातून गरम वाफा, धडधड हे सगळं येतं. पण सगळं हार्मोनवर ढकलणं मला आळशीपणा वाटतो. तेराव्या वर्षी मुलीच्या शरीरात हार्मोन येतात तसंच तिला रस्त्यावर नजरा आणि धक्के सुरू होतात, घरात बंधनं सुरू होतात. पुढे मारहाण, हातात स्वतःचा पैसा नसणं, दुहेरी काम. जिला घरात मार खावा लागतो तिचे हार्मोन तपासून काय हाती लागणार आहे.

उलट चूकही होते ती सांगते. बाईच्या छातीत भरून आलं की घाबरलीय म्हणून घरी पाठवायचं, आणि तो खरंच हार्टचा त्रास निघायचा. ईसीजी नॉर्मल म्हणजे हार्ट नॉर्मल असं नसतं. जिना चढताना किंवा भरभर चालताना दम लागत असेल, जबडा, पाठीचा वरचा भाग किंवा हात भरून येत असेल, त्यात शुगर-बीपी असेल, तर पुढची तपासणी मागून घ्या, लाजू नका.

आणि स्वतःला दोन गोष्टी विचारा. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास आहे का, आणि पूर्वी आवडायचं ते आता नकोसं वाटतं का. एकाचंही उत्तर हो असेल तर डॉक्टरांना दुखण्याच्या आधी ते सांगा. उपचार म्हणजे लगेच गोळ्याच असं नाही. गोव्यातच सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ या संस्थेने एक ट्रायल केली, २०१७ मध्ये छापून आली. डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी घेतल्या, सुटलेल्या गोष्टी थोड्या थोड्या परत सुरू करायला लावल्या, भजनाला जाणं, शेजारणीशी बोलणं, फिरणं, असलंच साधं. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारातले ३९ टक्के. साधं डिप्रेशन नव्हे हां, बऱ्यापैकी जास्त असलेलं.

प्रश्न : मिस्टर ५३ वर्षांचे, चार महिन्यांपूर्वी अ‍ॅटॅक आला, दोन स्टेंट टाकलेत. आधी शांत माणूस, आता भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवतात. गोळ्या चुकवतात, फिरायला जात नाहीत, रात्री गॅलरीत बसून राहतात, संध्याकाळची क्वार्टर परत सुरू झालीय. डॉक्टरांसमोर 'मी एकदम ओके'. हे डिप्रेशन असेल का? रडत वगैरे अजिबात नाहीत.

असू शकतं, आणि मला तर वाचतानाच तसं वाटलं. अ‍ॅटॅकनंतर साधारण पाचातल्या एका पेशंटला चांगलंच डिप्रेशन येतं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये १९९३ साली एक अभ्यास छापून आला, अ‍ॅटॅकनंतर ज्यांना डिप्रेशन होतं त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं, हार्ट किती डॅमेज झालंय ते धरूनही. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेच सांगितलं की अ‍ॅटॅकनंतरचं डिप्रेशन हा धोक्याचा घटक धरा. आपल्याकडे मात्र डिस्चार्ज कार्डावर तेल, मीठ, तंबाखू सगळं लिहिलेलं असतं आणि मनाबद्दल एक ओळ नसते.

हे होतं कसं, तर अर्धं तुम्हीच लिहिलंय. गोळ्या चुकणं, चालणं बंद, दारू सुरू, स्टेंटला यातलं काहीच चालत नाही. बाकीचं आतून चालतं, स्ट्रेसचं हार्मोन सतत वर राहतं, शरीरात बारीक सूज राहते, रक्तातल्या प्लेटलेट जास्त चिकट होतात, हृदयाच्या ठोक्यातला नैसर्गिक चढउतार कमी होतो. मन आणि हार्ट हे दोन वेगळे डिपार्टमेंट आमच्या हॉस्पिटलात असतात, शरीरात नसतात.

आता रडत नाहीत त्याबद्दल. पुरुषांना लहानपणापासून रडू नको सांगितलेलं असतं, चिडू नको असं कोणी फारसं सांगत नाही. मग तेच बाहेर पडतं, चिडचिड, दारू, बेफाम गाडी चालवणं, रात्री उशिरापर्यंत काम. डिप्रेशन मोजायला आम्ही नऊ प्रश्नांचा जो फॉर्म वापरतो, पीएचक्यू-९, त्यात रागाबद्दल एकही प्रश्न नाही. अमेरिकेत २०१३ साली संशोधकांनी राग, नशा, धोका पत्करणं ही लक्षणंही मोजणीत धरली तर बायका-पुरुषांतला फरक जवळजवळ उरलाच नाही. म्हणजे तो दुप्पटचा आकडा पुरुषांना कमी होतं म्हणून किती आणि आम्ही ओळखत नाही म्हणून किती, हा प्रश्न उघडाच आहे. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

स्वीडनच्या गोटलँड बेटावर १९८३-८४ मध्ये तिथल्या सगळ्या फॅमिली डॉक्टरांना डिप्रेशन ओळखायचं ट्रेनिंग दिलं. आत्महत्या खरंच कमी झाल्या, पण नंतर बघितलं तर कमी झाल्या त्या बायकांच्या, पुरुषांचा आकडा जवळपास तिथेच. पुरुष डॉक्टरांपर्यंत आलेच नव्हते, आणि आले ते वेगळी तक्रार घेऊन. त्यातूनच तिथे पुरुषांच्या डिप्रेशनसाठी वेगळी प्रश्नावली तयार झाली. आपल्या देशाचं बघा, २०२२ मध्ये १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात साधारण ७२ टक्के पुरुष, आणि राज्यांत सगळ्यात वरचा आकडा महाराष्ट्राचा, २२,७४६. निदान बायकांचं जास्त आणि मरतात पुरुष जास्त.

गोव्याचं उदाहरण परत देते कारण ते इथे फिट बसतं. त्याच संस्थेने आरोग्य केंद्रांत दुसरीही ट्रायल केली, प्रमाणाबाहेर पिणाऱ्यांसाठी, तीही समुपदेशकांकडूनच. डिप्रेशनच्या ट्रायलमध्ये बहुतेक बायका, दारूच्या ट्रायलमध्ये फक्त पुरुष. एकाच दवाखान्याची दोन दारं झाली म्हणायची, घरी कदाचित एकच चूल असेल.

तुम्ही काय कराल ते सांगते. पुढच्या फॉलोअपला सोबत जा. डिप्रेशन म्हणालात तर ते तिथून उठून जातील, म्हणून झोप, चिडचिड, चुकलेल्या गोळ्या आणि दारू एवढं चिठ्ठीवर लिहून कार्डिओलॉजिस्टच्या हातात द्या. हार्टच्या पेशंटमध्ये सर्ट्रालिन या गोळीचा नीट अभ्यास झालाय, सुरक्षित मानतात, काही जुनी डिप्रेशनची औषधं मात्र हार्टला चालत नाहीत, म्हणून मेडिकलवाल्याला विचारून किंवा शेजाऱ्याची गोळी आणून काही सुरू करू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत हेही मनाच्या डॉक्टरांना सांगायचं, दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. मोठ्याने घोरत असतील, मधेच श्वास अडकल्यासारखा होत असेल तर झोपेची तपासणी करा, स्लीप अ‍ॅप्नियाचा थकवा आणि चिडचिड हुबेहूब अशीच असते आणि तो पुरुषांत जास्त. जिममधल्या कोणीतरी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

एक गोष्ट लांबवू नका. 'माझ्याशिवायही तुमचं चालेल' असं काही बोलत असतील, अचानक कागदपत्रं, एलआयसी, बँकेचं समजावून सांगत असतील, तर सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत, उलट माणसाला सुटका वाटते. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेली-मानस ही सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. तुम्हीही फोन करू शकता, त्यांनीच करायला हवा असं नाही.

प्रश्न : मी ३१, आयटीत आहे. डिप्रेशनची गोळी दोन महिने घेतली, बरं वाटत होतं पण सेक्सची इच्छाच गेली. म्हणून एकदम बंद केली, आता चक्कर येते आणि डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. पुरुषांनी ही औषधं घ्यावीत का?

चला, एक तरी पुरुष स्वतः लिहितोय. घ्यावीत, पण अशी अचानक सोडू नयेत, चक्कर आणि झटके त्यामुळेच आलेत, आजच डॉक्टरांना फोन कर. हा परिणाम बायकांतही तेवढाच दिसतो, त्या सांगत नाहीत आणि पुरुष सांगायच्या ऐवजी गोळी सोडतात. डोस कमी करता येतो, बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनसारखं दुसरं औषध देता येतं, त्यांच्यात हा त्रास कमी. डिप्रेशननेही इच्छा जाते, त्यामुळे गोळीच्या आधी कसं होतं तेही आठवून सांग. शुगर आणि बीपी एकदा बघून घे, ताठरतेची अडचण कधी कधी रक्तवाहिन्यांची पहिली सूचना असते, ३१ व्या वर्षी शक्यता कमी पण तपासणी स्वस्त आहे.

प्रश्न : सुनेला सहा आठवड्यांपूर्वी दुसरी मुलगी झाली. गप्प बसून असते, बाळ रडलं तरी उचलत नाही, जेवत नाही, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू सगळं करतोय. मुलगी झाली म्हणून आमच्या घरात कोणी एक शब्द बोललं नाही. मग असं का?

मावशी, सुनेसाठी सासूने पत्र लिहिलं याचं मला फार बरं वाटलं. बाळंतपणानंतर पहिले दहा-बारा दिवस रडू येणं, हळवं होणं हे बहुतेकींना होतं आणि आपोआप जातं. सहा आठवडे झाले म्हणजे ते नाही, हे डिप्रेशन असायची शक्यता खूप आहे आणि लाडवांनी जाणार नाही. गोव्यात २००२ साली छापलेल्या एका अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी साधारण २३ टक्के जणींना डिप्रेशन होतं, आणि मुलगी होणं, नवऱ्याची मारहाण, पैशाची ओढाताण यांनी ते वाढत होतं. कोणी एक शब्द बोललं नाही असं लिहिलंत, पण अभिनंदन तरी कोणी केलं का? पहिल्यांदा पेढे-बर्फी वाटली होती आणि यावेळी काहीच नाही, एवढंही बाळंतिणीला पुरतं. तुम्ही वाईट आहात असं नाही म्हणत मी.

तिचं हिमोग्लोबिन आणि टीएसएच करून घ्या, बाळंतपणात रक्त गेलेलं असतं आणि नंतरच्या काही महिन्यांत थायरॉइड बिघडण्याचं प्रमाण चांगलंच असतं, त्यानेही असं होतं. गोळ्या लागल्याच तर अंगावर पाजत असतानाही चालणाऱ्या असतात, डॉक्टर ठरवतील, दूध तोडायची घाई नको. रात्रीचं एक दूध तुम्ही किंवा तुमच्या मुलाने पाजा, काढून ठेवलेलं असो की वरचं, तिला सलग चार-पाच तास झोप मिळू दे, शेकापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, जमत नसेल तर आधी आशाताईंशी बोला. भलतंच काही बोलायला लागली, कोणी बाळाला काही करतंय असा संशय घेतला, आवाज ऐकू येतात म्हणाली, किंवा स्वतःला नाहीतर बाळाला संपवायचं म्हणाली तर मात्र अंगारा, बाहेरचं बघणं यात एक तासही घालवू नका, त्याच दिवशी अ‍ॅडमिट करायचं.

आणि मुलाकडेही बघा जरा. बाळ झाल्यावर साधारण दहातल्या एका बापालाही डिप्रेशन येतं, तो ऑफिसात जास्त वेळ थांबतो एवढंच घरच्यांना दिसतं.

प्रश्न : मी कॅनडात, आईबाबा साताऱ्याला. बाबा ६८, पंधरा वर्षं शुगर, हल्ली कशात लक्ष नाही, शुगरही वाढलेली. आई ६५, बीपीची गोळी आहे, तिला डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी सुरू केली तर तीन आठवड्यांत ती बडबडायला लागली, तोल जातो. वय झालं असं सगळे म्हणतात. व्हिडिओ कॉलवरून मी काय करू?

आईचं आधी, कारण ते घाईचं आहे. रक्तातल्या सोडियमची तपासणी आजच करायला सांगा, उद्या नको. वयस्कर बाई, त्यात लघवीवाटे पाणी काढणारी बीपीची गोळी, त्यात डिप्रेशनची गोळी, या जोडीत सोडियम उतरतं आणि ते वयस्कर बायकांत पुरुषांपेक्षा जास्त होतं. गोंधळणं, तोल जाणं, मळमळ, याला वय म्हणून सोडायचं नसतं, फार उतरलं तर फिटही येते. सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मागवून घ्या, कॉलवर नावं सांगताना ती निम्मी विसरेल. सोडियमच निघालं तर औषध बदलता येतं, म्हणून डिप्रेशनचा उपचारच बंद करून टाकू नका.

बाबांचं सावकाश पण टाळू नका. शुगर आणि डिप्रेशन दोन्हीकडून चालतं, डिप्रेशन असलेल्यांत पुढे डायबेटिस होण्याचा धोका साधारण ६० टक्क्यांनी जास्त, आणि डायबेटिस असलेल्यांत डिप्रेशनचा थोडा जास्त, हे बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित आकड्यांतून आलंय. उदास माणूस पथ्य सोडतो, शुगर वाढते, वाढलेल्या शुगरने अजून थकवा. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासा, ती गोळी ते कमी करते, आणि पायाच्या मुंग्या शुगरच्या समजून सगळे गप्प बसतात. कॉलवर 'कसे आहात' विचारू नका, 'मस्त' हेच उत्तर मिळेल. काल कोणाकडे गेलात, पेपर वाचला का, रात्री किती वाजता जाग आली असं विचारा, आणि आई शेजारी नसताना विचारा.